टियागो ईव्ही की कॉमेट? आधी पार्किंगमधला प्लग बघा

विजेवरची छोटी गाडी घ्यायची आहे आणि घरात ही एकच गाडी असणार असेल, तर टाटा टियागो ईव्ही घ्या, आणि तीही २४ युनिटच्या बॅटरीची. घरी आधीच एक मोठी गाडी असेल आणि रोजची धाव शहराच्या आतच असेल, तर एमजी कॉमेट. उत्तर इतकं सरळ आहे, तरी घोळ होतो. शोरूममध्ये बोलणं चालतं ते स्क्रीनचं आणि जाहिरातीतल्या रेंजचं, आणि पुढची आठ वर्षं गाडी ज्या प्लगवर जगणार तो कोणी पाहतच नाही.

टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये आली, १९.२ आणि २४ किलोवॅट-तासांच्या, म्हणजे तितक्याच युनिटच्या, दोन बॅटऱ्यांत. कॉमेट एप्रिल २०२३ मध्ये आली. तिची बॅटरी १७.३ युनिटची. कंपन्यांनी तेव्हा सांगितलेली रेंज अनुक्रमे २५०, ३१५ आणि २३० किलोमीटर. हे आकडे चाचणीच्या खोलीतले आहेत. एसी लावून शहरात चालवताना २४ युनिटच्या टियागोला १९० ते २१०, १९.२ वालीला १५० च्या आसपास आणि कॉमेटला १६० ते १८० धरून चाला. हायवेवर नव्वदच्या वेगाने यातूनही कमी होतं. त्यातही शेवटचे पंधरा-वीस टक्के हिशेबात घेऊच नका. दोन्हींत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी आहे. तिचं व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे उरलेल्या टक्क्यांचा अंदाज चुकू शकतो आणि पंधरावरचा आकडा पाहता पाहता सातवर येतो. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा घरच्या संथ चार्जरवर पूर्ण १०० टक्के भरणं. त्याने मोजमाप पुन्हा जुळतं आणि सेलही समतोल राहतात.

या दोघींतला खरा फरक चार्जिंगचा आहे. टियागोला डीसी फास्ट चार्जिंगचं, म्हणजे हायवेवरच्या मोठ्या चार्जरचं, सीसीएस-२ सॉकेट आहे; १० ते ८० टक्क्यांना तासाभराच्या आत-बाहेर लागतं. चार्जर ५० किलोवॅटचा असो वा १२० चा, गाडी तिला झेपेल तेवढंच घेते, म्हणून मोठ्या चार्जरसाठी ताटकळू नका. कॉमेटला डीसी चार्जिंग नाहीच. २०२४ मध्ये ‘फास्ट चार्ज’ म्हणून आलेली मॉडेलं ७.४ किलोवॅटच्या एसी (घरच्या विजेच्या) चार्जरवर साडेतीन तासांत भरतात. साध्या मॉडेलला ३.३ किलोवॅटवर सात तास लागतात. हायवेवरची डीसी गन कुठल्याच कॉमेटला बसत नाही. पुणे ते कोल्हापूर जायचं तर टियागो साताऱ्याला किंवा कऱ्हाडला जेवणापुरती थांबून पोचते. कॉमेटला तोच प्रवास म्हणजे वाटेत अर्धा दिवस.

घाटाचा हिशेबही करून ठेवा. खोपोली ते लोणावळा साधारण साडेपाचशे मीटरची चढण. माणसांसह चौदाशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला नुसत्या उंचीपायी दोनेक युनिट जातात. नुकसान धरून अडीच. २४ च्या बॅटरीतला दहावा हिस्सा झाला. उतरताना यातलं बरंच परत मिळतं, पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर रीजनरेशनची (उतारावर मोटरने तयार केलेली) वीज साठवायला जागाच नसते आणि गाडी एकदम मोकळी धावू लागते. म्हणून महाबळेश्वर किंवा लोणावळ्यात मुक्काम असेल तर ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा आणि मगच घाट उतरा.

आता प्लग. ३.३ किलोवॅट म्हणजे सलग सात-आठ तास सुमारे १४ अँपिअर. गीझर अर्ध्या तासात बंद होतो, हे रात्रभर चालतं. मीटरपासून थेट स्वतंत्र लाइन ओढा: ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) आणि चांगल्या कंपनीचं १६ अँपिअरचं सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. पिना तापून सॉकेट वितळतं ते तिथेच. चार्जिंग सुरू होऊन लाल दिवा लागत असेल तर बहुतेक वेळा दोष गाडीचा नसून अर्थिंगचा असतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते पाचाच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा नव्याने करावा लागेल. ७.२ किलोवॅटच्या चार्जरला ३२ अँपिअर लागतात, म्हणजे मंजूर भार वाढवणं आलं. रात्री गाडी उभीच राहणार असेल तर हा खर्च टाळा.

महिन्याला हजार किलोमीटरला टियागो भिंतीतून साधारण १३० युनिट ओढेल, कॉमेट ११०. घरचा वापर आधीच दोनशे युनिट असेल तर शेवटची काही युनिटं तीनशेच्या वरच्या महाग टप्प्यात शिरतात. हिशेब सरासरी दराने न करता गाडीची युनिटं ज्या टप्प्यांत पडतात त्या-त्या टप्प्याच्या दराने करा.

आतून पाहता कॉमेट पुढच्या दोघांना खरोखर ऐसपैस आहे. लांबी अवघी २,९७४ मिमी, वळणाची त्रिज्या ४.२ मीटर, पेठेतल्या बोळात तिला तोड नाही. मात्र दारं दोनच आणि लांबलचक आहेत. शेजारची गाडी चिकटून उभी असेल तर बाहेर पडताना अंग चोरावं लागतं, आणि मागे बसायला पुढची सीट दुमडावी लागते. आजी-आजोबांना रोज मागे बसवायचं असेल तर ही गाडी विसरा. मागच्या सीट उभ्या असताना डिकी नावालाच. टियागोत २४० लिटर मिळतात. बारा इंची चाकं आणि दोन मीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) यामुळे खड्ड्यात कॉमेट उसळते. टियागोची चौदा इंची चाकं तोच रस्ता शांतपणे काढतात.

कॉमेट बॅटरी भाड्याने घेऊनही मिळते. २०२४ मध्ये ही योजना आली तेव्हा गाडी ४.९९ लाख आणि वर किलोमीटरला अडीच रुपये, असा भाव होता. पूर्ण गाडी तेव्हा ६.९९ लाखांपासून होती. म्हणजे वाचलेले दोन लाख ८०,००० किलोमीटरला भाड्यात जातात, विजेचा खर्च वेगळाच. महिन्याला पाचशे किलोमीटरच फिरणाऱ्याला हे बरं वाटेल, पण दरमहा किमान किती किलोमीटरचं भाडं भरावं लागतं ते करारात शोधा आणि मगच सही करा.

१९.२ युनिटची टियागो मला पटत नाही. आकार कुटुंबाचा, पोच कॉमेटपेक्षाही आखूड. हात आखडायचाच असेल तर २४ वालीतलं खालचं मॉडेल घ्या.

ताबा घेताना शोरूममध्येच पोर्टेबल चार्जर लावून दहा मिनिटं चार्ज करून बघा. टियागोत स्टेपनी नसते, पंक्चर किट मिळतं. ते वापरायचं कसं ते तिथेच करून दाखवायला सांगा. बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची तारीखही वाचा. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.