रिक्षाचे मागचे दोन्ही टायर एकदम बदलले: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रिक्षाचे मागचे टायर बदलायचे तर जोडीने बदला. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या आणि मृगाची वाट बघू नका. माझी गाडी बजाज आरई, सीएनजी. धंदा ठाणे स्टेशन ते घोडबंदर रोड. मे २०२५च्या सुरुवातीला मागे सीएटचे नवे टायर घातले. तेव्हा स्टँडवर बरेच जण म्हणत होते, जूनमध्ये बघू. एरवी मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास येतो, त्या वर्षी तो २६ मेलाच येऊन थडकला. मग टायरच्या दुकानांत एकच गर्दी. पुढे अख्खा पावसाळा, गणपती, नवरात्र, दिवाळी असा सगळा सीझन मी याच टायरांवर काढला, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

मागचेच टायर आधी का जातात, हे नव्याने गाडी घेतलेल्या पोरांना कुणी सांगत नाही. इंजिन मागे, तिन्ही पॅसेंजर मागे, त्यांच्या बॅगा मागे आणि गाडीची ओढही मागच्याच दोन चाकांना. पुढचं चाक फक्त वळतं आणि ब्रेकला साथ देतं. त्यामुळे पुढचा टायर अजून ठणठणीत दिसत असतो आणि मागचे गोटा होत आलेले असतात. त्यात घोडबंदरला मेट्रोचं काम, पेव्हर ब्लॉकचे थिगळ मारलेले खड्डे, दर सिग्नलला थांबा आणि पुन्हा उचला. रबर झिजतं ते याच उचलाउचलीत.

बदलायची वेळ कधी झाली, हे डोळ्यांनी कळतं. टायरच्या खाचेत तळाशी एक छोटा रबरी उंचवटा असतो. त्याच्या बरोबर वर, टायरच्या बाजूच्या भिंतीवर त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (ट्रेड वेअर इंडिकेटर, म्हणजे झिजेची खूण) अशी अक्षरं असतात. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याला टेकायला आली की टायर संपला. मोटार वाहन नियमांत दुचाकी आणि तीनचाकीला किमान ०.८ मिलिमीटर नक्षी सांगितली आहे, चारचाकीला त्याच्या दुप्पट, १.६. पण ०.८ ही पासिंगपुरती गोष्ट झाली. पावसात पाणी बाजूला सारायला तेवढ्या खाचा पुरत नाहीत. माझे टायर उंचवट्याला टेकायला अजून अवकाश होता तरी काढले, कारण समोर चार महिने पावसाचे होते.

आता एकच बदलायचा की दोन. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, उजवा अजून दोन-तीन महिने जाईल, डावाच घाला." त्याने माझे पैसे वाचवायलाच सांगितलं, पण मी ऐकलं नाही. एका बाजूला कोरा टायर आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला, म्हणजे दोन चाकांचा घेर वेगळा. मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शिअलला सरळ रस्त्यावरही तो फरक सतत भरून काढावा लागतो. आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की एक चाक पकडतं, दुसरं घसरतं, आणि गाडीचं शेपूट फिरतं. तीन चाकांच्या गाडीला हे परवडत नाही. पुढे एकच चाक असल्यामुळे तिचा सगळा तोल मागच्या जोडीवर असतो.

रिमोल्डबद्दल, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवून विकतात त्याबद्दलही, विचारणा होते. निम्म्या किमतीत मिळतो, हे खरं. ट्रक-बसच्या टायरवर रबर चढवण्याचं गणित वेगळं आहे. तिथला सांगाडा त्या हिशेबाने बनवलेला असतो आणि काम मोठ्या कारखान्यात होतं. आपल्या ४.००-८ मापाच्या छोट्या टायरचा सांगाडा आधी किती खड्ड्यांत आपटलाय, हे वरून कळत नाही. मे महिन्याच्या उन्हात, तीन पॅसेंजर घेऊन कापूरबावडीचा पूल चढताना वरचा थर सुटला तर काय होईल, याचा विचार करून मी तो नाद सोडला. पुढे नाही आणि मागे तर नाहीच नाही.

नवा घेतानाही दोन गोष्टी बघून घ्या. आयएसआयची खूण, आणि बाजूला कोरलेला चार आकडी नंबर. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ०९२५ म्हणजे २०२५ सालचा नववा आठवडा. पहिल्या दुकानात मला तीन वर्षं पडून असलेला टायर "एकदम फ्रेश" म्हणून काढून दिला. नक्षी कोरी होती, पण अंगठ्याने दाबल्यावर रबर कडक लागत होतं आणि बाजूला बारीक भेगा दिसत होत्या. तो तिथेच ठेवला आणि दुसऱ्या दुकानात गेलो. जोडी नव्या ट्यूबसकट चार हजारांच्या आत बसली.

बसवण्याबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण इथं जिवाचा प्रश्न आहे. आपल्या गाडीची डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते लोखंडी चाक, अखंड नसते. दोन फाका नट-बोल्टने एकत्र आवळलेल्या असतात. चाक जमिनीवर असतानाच हँडब्रेक ओढून चाकाचे नट सैल करायचे, मग जॅक लावायचा. चाक बाहेर आलं की सगळ्यात आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. पूर्ण म्हणजे टायर हाताने दाबला तर आत गेला पाहिजे. त्यानंतरच डिस्क जोडणाऱ्या नटांना पाना लावायचा. हवा आत असताना ते नट उघडले तर डिस्कचे दोन तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. घाईत असलेला पोरगा थेट पाना लावायला लागला, तर त्याला थांबवा. तो रागावला तरी चालेल.

माझ्या डिस्क उघडल्या तेव्हा आतून गंजाच्या पापुद्र्या निघाल्या. बोट फिरवलं की खरखर लागत होतं. ट्यूबला बारीक भोकं पडतात ती याच गंजाने, आणि आपण मात्र रस्त्यावरच्या खिळ्याला दोष देत बसतो. तारेच्या ब्रशने दोन्ही फाका घासून घेतल्या, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा रंग मारला, वाळेपर्यंत चहा घेतला. मग टायरच्या आत पावडर मारून ट्यूब घातली आणि थोडीशी हवा भरली, म्हणजे तिला घडी पडत नाही आणि ती फाकांमध्ये चिमटत नाही. नट समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळायचे, एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत जायचं नाही. हवा भरल्यावर डिस्कच्या कडेला टायरची जी बारीक रेघ दिसते ती सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, हे बघायचं. एका बाजूला ती आत दबलेली असेल तर चाक डुलतं. एक-दोन दिवस गाडी चालवून सगळे नट पुन्हा तपासायचे. नवा रंग दबला की ते थोडे सैल पडतात.

आता वापराबद्दल. सुरुवातीला नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो, तोवर वळणावर सांभाळून घेतलं. तो निघून गेल्यावर खरा फरक कळला तो मानपाडा आणि पातलीपाड्याच्या पुलांवर. पावसात पुलाच्या सांध्यांवरून उतरताना पूर्वी मागून जी हलकीशी झोल जाणवायची, ती गेली. मेट्रोच्या कामाजवळ टाकलेले लोखंडी पत्रे ओले असले की आजही वेग कमी करावाच लागतो. कुठलाही टायर तिथं पकड देत नाही, त्यामुळे नवे टायर घातले म्हणून तिथं हिंमत करू नका. पण ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ रेषेत थांबते. माझ्या दृष्टीने पैसे तिथेच वसूल झाले.

तक्रारीही आहेत. टायर कडक आहेत. गाडी भरलेली असताना जाणवत नाही, रिकामी असताना किंवा एकच पॅसेंजर असताना प्रत्येक खड्डा पाठीत येतो. वर्तकनगरहून दवाखान्यात नेहमी माझ्याच गाडीने जाणाऱ्या एक आजी आहेत. त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "अरे बाबा, गाडीला काय केलंस, फार आदळतेय." त्यावर हवा कमी करणं हा उपाय नाही. कमी हवेने टायरच्या दोन्ही कडा झिजतात, बाजूची भिंत सारखी दुमडून तापते आणि गॅसही जास्त जातो. जास्त हवेने मधला पट्टा आधी जातो. पुस्तिकेत दिलेला आकडाच ठेवायचा, मागे पुढच्यापेक्षा जास्त, आणि तोही सकाळी चाकं थंड असताना मोजायचा. आजींना मी खड्डे चुकवत, हळू नेतो.

दुसरं म्हणजे डावा टायर उजव्यापेक्षा किंचित जास्त झिजलाय. कडेचे खड्डे, गटाराची झाकणं, सर्व्हिस रोडची तुटलेली धार, हे सगळं डाव्या चाकाच्या वाट्याला येतं. दसऱ्याला गाडी धुतली तेव्हा दोघांची अदलाबदल केली, आता दोन्ही सारखे दिसतात. मागचे टायर असे फिरवत राहिलात तर पुढच्या वेळीही जोडी एकदमच बदलायला येते. पंक्चर झालं, खिळ्याने. आतल्या गंजाचं एकही नाही.

स्टेपनी मात्र मी उशिरा, ऑक्टोबरमध्ये घेतली. त्याच कंपनीची, त्याच मापाची. आपल्या गाडीला तिन्ही चाकांचं माप एकच असल्याने ती कुठेही लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, त्यामुळे ती मेमधल्या भावापेक्षा स्वस्त मिळाली. तरीही एका ठिकाणी जुनाच भाव सांगितला होता. पक्कं बिल मागितल्यावर आकडा खाली आला. बिल घ्याच. टायरमध्ये कारखान्याचा दोष निघाला, कुठे फुगा आला, तर बिलाशिवाय बदलून मिळायची आशा धरू नका. मी बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय आणि टायरवरचा चार आकडी नंबर त्याच्यावरच लिहून ठेवलाय.