टीम लीडरची कार्यशाळा: दुसऱ्या दिवसासाठी नक्की जा

मी वेअरहाऊसमध्ये पॅकिंगची शिफ्ट सांभाळते. आमच्या कंपनीने सगळ्या शिफ्ट इन्चार्जना बाहेरच्या एका संस्थेच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं. पहिला दिवस कर्मचाऱ्यांच्या प्रेरणेचा, दुसरा गटाच्या वागण्याचा. तुमच्या कंपनीतही अशा प्रशिक्षणाची चौकशी चालू असेल, तर काय मागून घ्यावं आणि कशाला वेळ देऊ नये, ते कळावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला दिवस मला पटला नाही. सुरुवात मानसशास्त्रज्ञ मास्लो यांच्या गरजांच्या पिरॅमिडने (भूक-सुरक्षेसारख्या गरजा खाली, मान आणि स्वतःची वाढ वर) झाली आणि खालची पायरी पूर्ण भरल्याशिवाय माणूस वरच्या पायरीचा विचारच करत नाही, असं ठामपणे सांगितलं गेलं. मास्लो यांच्या 1943 च्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्रच नाही. उलट एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी जागी होते असं समजू नका, असं त्यांनी त्यातच म्हटलं आहे. ही पुस्तकी तक्रार नाही. माझ्या शिफ्टमध्ये कंत्राट पुढे वाढेल की नाही याची धास्ती असलेली माणसं आहेत, आणि आपण भरलेला बॉक्स फुटून परत आला तर त्यांनाच सगळ्यात जास्त लागतं. ‘यांना फक्त पगाराशी मतलब’ असा समज घेऊन एखादा नवा इन्चार्ज त्या वर्गातून बाहेर पडला, तर त्याची टीम त्याला कधीच कळणार नाही.

कामावर समाधान आणि नाराजी कशातून येते, याचा अभ्यास करणाऱ्या हर्झबर्गचा भाग मात्र चांगला घेतला. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं होतं, की कामावर तुम्हाला फार छान कधी वाटलं आणि फार वाईट कधी. प्रशिक्षक बाईंनी आम्हालाही तेच दोन रकाने लिहायला लावले. वाईटाच्या रकान्यात ड्युटीचा तक्ता उशिरा लागणं, चाक तुटलेली ट्रॉली, सगळ्यांसमोर झालेली बोलणी. चांगल्याच्या रकान्यात ‘अवघड ऑर्डर एकटीने लावली’, ‘नवीन मुलाला मी शिकवलं’. ट्रॉली दुरुस्त केली की कुरकूर थांबते, पण तेवढ्याने कुणी जीव ओतून काम करायला लागत नाही, हे सगळ्यांना स्वतःच्या कागदावर दिसलं. चांगल्याचं श्रेय स्वतःकडे घ्यायचं आणि वाईटाचं खापर परिस्थितीवर फोडायचं ही माणसाची सवयच आहे, त्यामुळे या पद्धतीवर आक्षेपही आहेत. तेही सांगायला हवे होते.

दुपारी पॉइंट आणि बॅज देणाऱ्या एका ॲपचं प्रात्यक्षिक झालं. तो सरळ जाहिरातीचा तास होता. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये दाखवलं, की आवडीने कोडी सोडवणाऱ्यांना त्याचे पैसे दिले आणि मग ते बंद केले, की मोकळ्या वेळात ते कोड्यांना कमी हात लावतात. दिवसभर टेप लावण्याच्या कामाला हे जसंच्या तसं लागू होणार नाही, कारण तिथे मुळात ओढच थोडी. पण ज्या टीममध्ये अनुभवी माणसं आपणहून नव्यांना शिकवतात, तिथे त्या शिकवण्याला पॉइंट लावायच्या आधी शंभर वेळा विचार करावा. ॲप दाखवणाऱ्यांनी यावर चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा नूरच पालटला. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931–32 मध्ये एका खोलीत चौदा कामगारांचं निरीक्षण केलं गेलं. टेलिफोन एक्स्चेंजसाठी लागणाऱ्या भागांच्या वायरिंगचं काम होतं. मोबदला गटाच्या एकूण उत्पादनावर, म्हणजे काम वाढलं तर पैसे सगळ्यांचेच वाढणार. तरीही गटाने दिवसाचं ‘पुरेसं’ काम आपसांत ठरवून टाकलं होतं. त्याहून जास्त करणाऱ्याला टोमणे, फार कमी करणाऱ्यालाही टोमणे, आणि कधी दंडावर ठोसा. वरिष्ठांकडे चहाडी करणारा तर सगळ्यांच्याच मनातून उतरायचा. जास्त काम दाखवलं तर दर कमी होतील किंवा माणसं कमी होतील, ही भीती त्यामागे होती.

प्रशिक्षक बाईंनी हे नुसतं सांगितलं नाही. खोके घडी करायचं काम देऊन आमचे गट पाडले आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली. एकाला झपाट्याने काम करायचं होतं, बाकीच्यांना त्याला आवरायचं होतं, पण तोंडाने काही न बोलता. नुसत्या नजरेने माणूस किती लवकर हात आखडता घेतो, हे बघून वर्ग गप्प झाला. माझ्या टेबलावरची सगळ्यात चपळ मुलगी मध्येच का मंदावते, याचं उत्तर मला तिथे मिळालं. तिला एकटीला बक्षीस देऊन काहीच साधलं नसतं. टेबलावर तिची कोंडी मात्र वाढली असती.

त्यानंतर दोरी ओढण्याचा रिंगेलमान यांचा प्रयोग आला. ओढणारे वाढले की प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे त्यांनी 1913 मध्ये मांडलं. मग हा फरक ताळमेळ नसल्याने पडतो की अंग चोरल्याने? 1979 मध्ये मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरोळ्यांचा प्रयोग करून दाखवलं, की आपल्यासोबत इतर आहेत असं नुसतं वाटलं तरी माणूस कमी जोर लावतो. स्वतःचा वाटा वेगळा दिसत असेल, तर हे अंग चोरणं बरंच कमी होतं.

यावरून आम्ही दोन बदल केले. मोठं सामाईक टेबल मोडून छोटी टेबलं लावली. ऑर्डर तपासणं, भरणं आणि लेबल लावणं एकाच माणसाकडे दिलं. काही परत आलं तर कारण थेट त्या माणसाला समजतं आणि तो स्वतः विचारायला येतो. दुसरा बदल अवघड होता. या तिमाहीत टार्गेट ओलांडलं तरी पुढचं टार्गेट त्यावरून वाढवणार नाही, असं मॅनेजर साहेबांकडून लेखी घेतलं आणि फलकावर लावलं. पहिले काही दिवस कुणाचा विश्वास बसला नाही. हळूहळू हात मोकळे झाले.

गट जमण्यापासून विखुरण्यापर्यंतचे टकमन यांचे टप्पे (1965 मध्ये चार, 1977 मध्ये पाचवा) आमच्या फार उपयोगाचे नव्हते. ते मुख्यतः उपचारगट आणि प्रशिक्षणगटांवरच्या लिखाणातून आलेले आहेत, आणि आमच्याकडे तर माणसं सतत बदलतात. चूक झाली तर न घाबरता सांगता येणं, हा विषय शेवटच्या काही मिनिटांत उरकला याचं मात्र वाईट वाटलं. रुग्णालयांत औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना एमी एडमंडसन यांना चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका दिसल्या, कारण तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. ॲपचा तास काढून तो वेळ यालाच द्यायला हवा होता.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. संस्थेशी बोलताना ॲपचं प्रात्यक्षिक नको म्हणून आधीच सांगा, आणि दुसऱ्या दिवशी टार्गेट ठरवण्याचा अधिकार असलेल्या माणसाला वर्गात बसवा. आमचे साहेब त्या दिवशी स्वतः खोके घडी करत होते, म्हणूनच ती सही मिळाली.