स्लो कुकरमधला गोव्याचा फेजोआदा: यंत्र चांगले, पण राजमा आधी उकळलेलाच हवा

गोव्याचे चोरिस (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) आणि राजमा यांचा फेजोआदा नावाचा रस्सा हे सावकाश शिजवण्याचे जेवण आहे, आणि त्यासाठी विजेवर चालणारा स्लो कुकर विकत घ्यावा का, हा प्रश्न विचारणाऱ्यांना माझे उत्तर 'अवश्य घ्यावा' असेच आहे. मात्र त्याला एक अट आहे आणि ती आरोग्याशी निगडित असल्यामुळे तिच्यात सूट नाही. माझ्याकडचा कुकर साध्या प्रकारचा आहे: चिनी मातीचे जड लंबगोल भांडे, काचेचे झाकण आणि 'लो', 'हाय' व 'वॉर्म' अशा तीन खुणांचे एक फिरते बटण. चार-पाच माणसांचा रस्सा त्यात आरामात होतो, परंतु भांडे निम्म्याहून कमी भरले तर पदार्थ कडेने आटतो, म्हणून दोघांच्या स्वयंपाकासाठी लहान आकाराचाच कुकर घ्यावा.

या यंत्राचा जन्मच मुळी शेंगांमधल्या दाण्यांसाठी, म्हणजे घेवडा-राजमा वर्गातल्या बियांसाठी झाला. अमेरिकेतील आयर्व्हिंग नॅक्सन यांना 1940 मध्ये त्याचे पेटंट मिळाले. ज्यू कुटुंबांत शब्बाथसाठी (आठवड्याच्या धार्मिक विश्रांतीच्या दिवसासाठी) रात्रभर बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवल्या जाणाऱ्या 'चोलंट' या रश्श्याच्या, आईकडून ऐकलेल्या लिथुआनियातील आठवणींवरून त्यांना ही कल्पना सुचली. पुढे रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि 1971 मध्ये हेच यंत्र 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले.

त्याचे खरे सामर्थ्य चोरिसांत दिसते. डुकराच्या मांसाचे चरबीसह केलेले तुकडे, लाल मिरची, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी, हळद आणि माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर असा सगळा ऐवज त्या आतड्याच्या आवरणात भरून, उन्हात वाळवून आणि धुरी देऊन टिकवलेला असतो. पावसाळ्याच्या बेगमीत, म्हणजे गोव्याच्या पुरुमेंतात, त्याला मानाचे स्थान आहे. प्रेशर कुकरमध्ये हे मांस भराभर शिजते खरे, पण त्याचे धागे सुटतात, चरबी रश्श्यात फेसाळून मिसळते आणि चव गढूळ होते. स्लो कुकरमध्ये मात्र रस्सा जेमतेम उकळीच्या खाली राहत असल्याने तुकडा अखंड राहूनही मऊ होतो, चरबी हळूहळू सुटून लालभडक तवंगाच्या रूपाने वर येते, आणि तो हवा तेवढा चमच्याने काढून घेता येतो. व्हिनेगरचा तिखट दर्प मावळून मागे राहणारा आंबटपणा मला या पदार्थाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

आता ती अट. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि ते नष्ट होण्यासाठी पूर्ण उकळीचे तापमान लागते. केवळ भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकला, तर आतले तापमान पुरेसे न चढण्याचा धोका असतो. इतकेच नव्हे, तर 80 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेला राजमा कच्च्या राजम्याहून पाचपट विषारी ठरू शकतो, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नमूद केले आहे. असे चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांतच उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. म्हणून राजमा किमान 5 तास, आणि आपल्या सवयीप्रमाणे रात्रभर, भिजवावा, ते पाणी ओतून द्यावे आणि ताज्या पाण्यात गॅसवर 30 मिनिटे खळखळून उकळावा. पांढऱ्या राजम्यात हे द्रव्य कमी असले, तरी उकळणे त्यालाही चुकवू नये. माझ्या कुकरसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

दुसरी काळजी क्रमाची आहे. व्हिनेगर, टोमॅटो किंवा कोणताही आंबट पदार्थ सुरुवातीलाच पडला, तर दाण्याची साल लवकर मऊ होत नाही आणि सहा-सात तासांनंतरही राजमा दाताखाली टचटचीत लागतो. म्हणून पाव किलो राजमा उकळून घेतल्यावर तो दाण्यांच्या वर बोटभर येईल इतक्या पाण्यात एकटाच 'हाय'वर दोन-तीन तास ठेवावा, आणि तो बोटांनी सहज चिरडू लागला की मगच चोरिस घालून 'लो'वर आणखी तीन-चार तास द्यावेत. कांदा कढईत वेगळा, चांगला तांबूस परतून घालावा, कारण स्लो कुकरमध्ये काहीही खरपूस होत नाही. मीठ शेवटी चाखूनच घालावे. चोरिसांत ते भरपूर असते. नारळाचे दूध घालणाऱ्यांनी तेही अखेरच्या अर्ध्या तासातच घालावे, म्हणजे ते फुटत नाही.

झाकणाखाली वाफ कोंडून राहत असल्याने पाणी जवळजवळ आटत नाही आणि रस्सा पातळ राहतो. मूठभर दाणे भांड्याच्या कडेला चेचून मिसळले की तो दाटतो. झाकण उघडून वारंवार पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण गेलेली उष्णता परत भरून यायला दर वेळी वीस-तीस मिनिटे लागतात. विजेचा खर्च माफक आहे: 250 वॅटचा कुकर 8 तास सलग पूर्ण क्षमतेने चालला तरी 2 युनिट होतात.

जिथे वीज तासन्‌तास जाते, तिथे हे यंत्र घेण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण मांसाचा रस्सा कोमट अवस्थेत पडून राहिला की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि घरी कोणी नसेल तर वीज किती वेळ गेली होती हेही कळत नाही. 'वॉर्म' ही खूण शिजलेले गरम ठेवण्यासाठी आहे, शिजवण्यासाठी नाही. फ्रिजमधले थंडगार भांडे तापलेल्या बैठकीवर ठेवल्यास चिनी मातीला तडा जाऊ शकतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून कुकर मागवण्याचा विचार असेल, तर तिथली उपकरणे 120 व्होल्टवर चालतात आणि आपल्याकडच्या 230 व्होल्टवर ती जळतील. तेवढ्या क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा इथेच मिळणारा कुकर घ्यावा.