कोल्हापुरात मेटल ब्रेसेस लावायच्या आधी हे वाचा (राजारामपुरीतल्या क्लिनिकचा माझा अनुभव)

राजारामपुरीतल्या एका ऑर्थोडॉन्टिस्टकडं मी मेटल ब्रेसेस लावल्या होत्या, आता निघाल्यात आणि रात्रीचा रिटेनर (दात परत फिरू नयेत म्हणून नंतर घालतात तो) चालू आहे. ओळखीतल्या पोरी सारख्या विचारतात की कुठं लावल्यास, किती लागले, लई दुखतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्लिनिकचं नाव मुद्दाम घालत नाही कारण कौतुकही करायचंय आणि एक तक्रारही आहे.

पहिलं म्हणजे डॉक्टर कोण ते बघा. बीडीएस झालेला तो जनरल डेंटिस्ट, आणि त्यानंतर आणखी तीन वर्षं ऑर्थोडॉन्टिक्समधे एमडीएस केलेला तो ऑर्थोडॉन्टिस्ट. दातांचे दवाखाने आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, पण बऱ्याच ठिकाणी ऑर्थो व्हिजिटिंग असतात, म्हणजे महिन्यातून ठरलेल्या एक-दोन दिवशीच येतात. त्यात वाईट काही नाही, कितीतरी चांगले डॉक्टर असंच काम करतात, पण मग आधीच विचारून घ्यायचं की मधेच तार टोचायला लागली किंवा ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा) सुटला तर बघणार कोण? माझ्या मैत्रिणीचा ब्रॅकेट सुटला तेव्हा तिचे डॉक्टर थेट पुढच्या महिन्यात येणार होते, तोवर तो दात तसाच राहिला आणि ट्रीटमेंट लांबली. मी जिथं गेले तिथं मॅडम रोज स्वतः बसायच्या आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनीच बघितलं, मला तरी सगळ्यात मोठा फायदा हाच वाटला. ब्रेसेस बसवणं एका दिवसाचं काम आहे हो, पण नंतर दीड-दोन वर्षं दर चार ते सहा आठवड्यांनी तुम्हाला त्याच खुर्चीत जाऊन बसायचंय.

सुरुवातीला दोन एक्सरे होतात, एक ओपीजी म्हणजे सगळे दात एकदम दिसणारा आणि एक बाजूनं डोक्याचा, त्यावरून जबड्याचा अंदाज घेतात. मग दातांची मापं, फोटो. हे न करता कोणी नुसतं तोंड उघडून बघून "बसवूया की उद्या" म्हणालं तर तिथून सरळ उठून या. आणि हिरड्या सुजलेल्या असतील, कीड असेल तर ते आधी निस्तरून मगच तारा लावतात.

मग येतो तो चांगले दात काढायचा विषय, ज्यावरून घरात लई गोंधळ होतो. जबड्यात जागाच नसेल, तीन जणांच्या सीटवर चौघं बसल्यासारखं झालं असेल, तर सुळ्याच्या मागची छोटी दाढ काढून जागा करतात, बऱ्याचदा वर दोन आणि खाली दोन. आमच्या आजीचं एकच, वरची दाढ काढली की नजर जाते. असं काही होत नाही, डोळ्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी. मॅडमनी आजीला एक्सरे हातात देऊन शांतपणे समजावलं, "आजी, ही जागा बघा, इथं हा दात येणार कुठून?" तेव्हा कुठं ती गप्प बसली. सगळ्यांचे काढावेच लागतात असंही नाही, म्हणून का काढायचे ते एक्सरेवर दाखवायला सांगा, चांगला डॉक्टर त्याचा राग धरत नाही.

बसवताना दुखत नाही, हे मात्र खरं. गाल ओढून धरायला एक प्लॅस्टिकची रिंग घालतात, दातावर निळं जेल लावतात, ते धुतात, वाळवतात, मग एकेक ब्रॅकेट चिकटवून त्यावर निळा लाइट मारतात. जेलची आंबट चव घशात उतरते आणि तोंड उघडं ठेवून जबडा भरून येतो, बास. काही जणांना त्याच्या आधी दाढांच्या फटीत छोटे रबर घालतात, सेपरेटर म्हणतात त्याला, मला तर तेच जास्त टोचले, दाढेत मटणाचा तुकडा अडकल्यासारखं सारखं वाटत राहायचं.

खरं दुखणं सुरू होतं काही तासांनी. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मऊ पोळीसुद्धा चावत नाही, मग कमी कमी होत आठवड्याभरात जातं. दर वेळी तार बदलली की थोडं परत. आमच्या मॅडमनी पॅरासिटामॉलच घ्यायला सांगितली होती, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज रोज नको म्हणाल्या, कारण दात सरकायला हाडाभोवती जी सूज लागते तीच त्या गोळ्या कमी करतात. एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवीन भरतं आणि दात हळूहळू सरकतो, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. म्हणूनच कोणी "सहा महिन्यात एकदम सरळ" म्हणत असेल तर जरा जपून, दात थोडेसेच वाकडे असतील तर गोष्ट वेगळी. जोर लावून घाई केली तर मुळं झिजायची भीती असते.

गालाला आतून फोड येतात पहिले काही आठवडे. ऑर्थो वॅक्स मागून घ्या, मेणासारखं असतं, ब्रॅकेट कापसानं कोरडा करून मगच लावायचं, ओल्यावर चिकटत नाही. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. आणि फोड असताना तांबडा रस्सा ओढू नका, डोळ्यातून पाणी येतं, पांढरा चालतो.

आता खायचं, कारण कोल्हापुरात राहून हा विषय लहान नाही. ऊस बंद. सोलून दातानं तोडायचा म्हणजे ब्रॅकेट गेलाच म्हणून समजा, गुऱ्हाळावर गेलात तर रस प्या. मक्याचं कणीस रंकाळ्यावर बघून जीव जातो पण दाणे सोडवून खा. भडंग, खारे शेंगदाणे, चिक्की, कडक पेरू, सुपारी, मटणाची नळी फोडणं हे सगळं बंद. च्युइंगम आणि चिकट चॉकलेट पण. मिसळ चालते, फक्त फरसाण कटात चांगलं भिजू द्यायचं, आपल्याकडं पावाचे स्लाइस मिळतात ते एक बरं. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून. आणि दुखत असेल त्या दिवशी संध्याकाळी गंगावेशीत जाऊन ग्लासभर धारोष्ण दूध प्यायचं, पोट भरतं, चावायचं काही नाही.

रबराचा रंग हे कोणीच आधी सांगत नाही. ब्रॅकेटवर जे छोटे रबर घालतात ते दर व्हिजिटला बदलतात आणि रंग आपण निवडायचा असतो. पारदर्शक किंवा पांढरा घेऊ नका! कांदा लसूण चटणी आणि हळद रोजच्या जेवणात असताना ते पहिल्याच जेवणात पिवळे पडतात आणि पुढच्या व्हिजिटपर्यंत तसेच दिसतात. राखाडी किंवा गडद निळा घ्या. सिरॅमिक म्हणजे दाताच्या रंगाच्या ब्रेसेसचा विचार असेल तरी हे लक्षात ठेवा, ब्रॅकेट तसा पिवळा पडत नाही पण रबर पडतोच, आणि पैसे मेटलपेक्षा बरेच जास्त.

घासणं मात्र मनावर घ्या. ब्रॅकेटभोवती अन्न राहिलं की तिथलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, कमजोर होतं आणि तारा काढल्यावर दातावर पांढरे चौकोनी डाग उरतात, दात सरळ होतात पण डाग सहजासहजी जात नाहीत. तारेखालून घालायला तो बारीक इंटरडेंटल ब्रश घ्या, फ्लोराइडची पेस्ट, आणि बाहेर जेवलात तर निदान जोरात चूळ भरा.

घरात कोणी फुटबॉल खेळत असेल, आणि आपल्या पेठांमधे कोण खेळत नाही, तर ब्रेसेसवर चालणारा माउथगार्ड घ्याच. साधा गरम पाण्यात टाकून चावायचा चालत नाही, दात सरकत असतात आणि तो तारेत अडकतो. तोंडावर बॉल बसला की ब्रॅकेटनं ओठ आतून फाटतो, माझ्या भावाचा फाटलाय.

पैसे. मला मेटलचे ३६ हजार सांगितले, सुरुवातीला १२ आणि बाकी दर व्हिजिटला थोडे थोडे, हे सोयीचं पडलं. तक्रार इथंच आहे. रिटेनरचे पैसे वेगळे आहेत हे शेवटी कळलं, तारा काढायच्या दिवशी, आणि तेव्हा नाही म्हणता येत नाही कारण रिटेनर न घालता दात परत फिरतात. म्हणून सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्या: एक्सरे, दात काढणं, सुटलेला ब्रॅकेट परत लावणं, रिटेनर, यातलं काय धरलंय आणि काय नाही. बजेट कमी असेल तर डेंटल कॉलेजचा ऑर्थो विभाग बघा, नवे पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात एमडीएस शिकणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली करतात, खर्च कमी येतो, फक्त एकेका अपॉइंटमेंटला वेळ जातो आणि शहरातून जाणं-येणं धरावं लागतं.

लग्न ठरायच्या आधी होईल का, हा प्रश्न आयांचा असतो. तारीख ठरली असेल तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, पण फोटोसाठी मधेच तारा काढायला लावू नका, अर्धवट सरकलेले दात महिन्याभरात जागेवरून हलतात. कुणी बघायला आलं आणि तारा दिसल्या तर दिसू देत, आमच्याकडं आलेल्यांनी उलट कुठल्या डॉक्टर म्हणून नंबर घेतला.

रिटेनर पहिले काही महिने जवळजवळ दिवसभर आणि मग रात्री, आणि रात्रीचा कायमचाच धरा. खालच्या दातांना मागून एक बारीक तार कायमची चिकटवतात ती मी लावून घेतलीय. पारदर्शक रिटेनर गरम पाण्यानं धुवायचा नाही, वेडावाकडा होतो, आणि जेवताना काढून टिश्यूत गुंडाळून ठेवायचा नाही, हॉटेलात ताटाबरोबर जातो.

एकूण क्लिनिक मी दुसऱ्यांना सांगते, काम चोख आहे, मॅडम प्रत्येक वेळी काय केलं ते आरशात दाखवतात. रिटेनरचं तेवढं आधी सांगायला हवं होतं. आणि अपॉइंटमेंट शक्यतो दुपारची घ्या, संध्याकाळी शाळा-क्लास सुटले की पोरांची गर्दी होते, तासभर बसावं लागतं आणि राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही ते वेगळंच.