जेसन आठ महिने वापरल्यावर

मल्टी-एजंट प्रोजेक्टसाठी (स्वतः निर्णय घेणारे बरेच छोटे प्रोग्रॅम, म्हणजे एजंट, मिळून काम करतात तसला) जेसन हे एजंट लिहायचं सॉफ्टवेअर घेतलं त्याला आता आठ महिने झाले. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जावावर चालतं, भाषा म्हणजे आनंद राव यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या एजंटस्पीकचीच वाढवलेली आवृत्ती. इन्स्टॉल वगैरेत काही विशेष नाही, ते सोडते.

सोबत गोल्ड मायनर्सचं उदाहरण येतं (एजंट सोनं शोधून गोळा करतात), त्याच धर्तीवर मी स्वतःचे सहा एजंट लिहिले. एकाला सोनं दिसलं की बाकीच्यांना टेल करायचं, म्हणजे मेसेजनं कळवायचं, जवळचा जाऊन उचलेल, सोप्पं. पण झालं काय, एकानं उचललं तरी बाकीचे आपले त्याच रिकाम्या जागी येतच राहिले, वरातीमागून घोडं. दोन दिवस डोकं धरून बसले होते. मग माइंड इन्स्पेक्टर उघडला (ही सोय मात्र झकास, एजंटच्या डोक्यात त्या क्षणी काय काय आहे ते सगळं दिसतं) तेव्हा कळलं. प्रत्येक बिलीफला (एजंट खरी धरून चालतो ती माहिती) सोर्सचा, म्हणजे ती कुठून आली याचा, टॅग असतो. स्वतः बघितलेली गोष्ट दिसायची थांबली की आपोआप जाते पण दुसऱ्यानं सांगितलेली तशीच पडून राहते, अनटेल (सांगितलेलं मागे घेणारा मेसेज) येईपर्यंत.

मग काय, उचलणाऱ्याला सगळ्यांना अनटेल करायला लावलं. तरी तेच! कारण अनटेल फक्त पाठवणाऱ्याच्या नावावरची माहिती काढतं. बातमी दिली एकानं, मागे घेतोय दुसराच, आणि पहिला बिचारा लांब कोपऱ्यात, त्याला पत्ताच नाही. चूक माझीच होती म्हणा. शेवटी "उचललं" असा मेसेज आला की अबॉलिश या कमांडनं कोणीही सांगितलेलं असो, सगळं पुसायचं असं केलं, वर प्रत्येक सांगोवांगीला वेळेचा शिक्का, जुनं झालं की कचऱ्यात.

आवडलेली गोष्ट म्हणजे "आहे", "नाही" आणि "माहीत नाही" हे तीन वेगळे ठेवता येतात. त्यामुळे न बघितलेली जागा आणि बघून रिकामी निघालेली जागा यात घोळ होत नाही. पण "बहुतेक असेल" ला सोय नाही. शक्यतेचा आकडा टॅगमध्ये लिहिता येतो, हिशोब तुमचा तुम्ही करा. अर्थात शक्यता धरून सगळ्यांचा मिळून बेस्ट प्लॅन काढणं हे दोनच एजंट असले तरी गणिती दृष्ट्या भयंकर जड काम आहे, त्यामुळे तक्रार तरी कशी करणार.

अजून एक, एजंटच्या प्लॅनची (काय झालं की कोणत्या पायऱ्या करायच्या ते) अट फक्त निवडताना तपासली जाते. मध्येच परिस्थिती बदलली तर तो आपला चालतच राहतो, म्हणून लांबलचक प्लॅन लिहू नका, तुकडे करा, म्हणजे दर तुकड्याला अट नव्यानं बघितली जाते.

सध्या एक मुद्दाम खोटं सांगणारा एजंट सोडलाय त्यांच्यात. सोर्स टॅग असल्यामुळे त्याच्यावर कमी विश्वास ठेवायला शिकवता येईल असं वाटतंय, पण काल तरी सगळे त्याच्याच मागे पळत होते.