एप्सन व्ही600 स्कॅनर: घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर घ्याच

हा स्कॅनर घेतला तेव्हा घरात सगळ्यांनी एकच ऐकवलं, मोबाईलवर होतं की, एवढं धूड कशाला आणलंस. आता नुसते प्रिंटच असतील तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे, गूगलचं फोटोस्कॅन अ‍ॅप फुकट आहे, एका फोटोचे थोडे थोडे सरकवून चार-पाच शॉट घेतं आणि चकाकी काढून टाकतं, आणि अल्बमच्या चिकट पानांना किंवा फ्रेमच्या काचेला घट्ट बसलेले फोटो तर मी सांगेन ओढून काढूच नका, तिथे मोबाईलच बरा.

पण निगेटिव्ह असतील तर गोष्टच वेगळी. आमच्याकडे आजोबांचा आग्फा क्लिक थ्री होता, 120 ची म्हणजे नेहमीच्या 35 मिमीपेक्षा रुंद फिल्म, रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, आणि त्या निगेटिव्ह आजीने पाकिटात घालून इतकी वर्षं जपल्या होत्या. साधे फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर कागद ठेवायचे स्कॅनर फिल्म करतच नाहीत कारण निगेटिव्हच्या आरपार उजेड जावा लागतो, व्ही600 च्या झाकणातच तो लाईट आहे आणि 35 मिमीच्या पट्ट्या, स्लाइड आणि 120 तिन्हीसाठी होल्डर सोबत येतात. 2400 डीपीआयला (म्हणजे एका इंचात 2400 ठिपके) एक चौकोनी निगेटिव्ह जवळपास 5300 बाय 5300 पिक्सेलची होते!

बाबांच्या मुंजीचा एक फोटो आम्ही लहानपणापासून बघतोय, आडवा पोस्टकार्ड साइज, मधे बाबा आणि बाजूला आजोबा. निगेटिव्ह स्कॅन केली तर वरच्या बाजूला माडीच्या कठड्याला टेकून मोठी आत्या उभी, परकर-पोलक्यात, हातात पितळी तांब्या. चौकोनी फोटोचा आडवा प्रिंट काढताना स्टुडिओवाल्याने वरखालचं कापलेलं, त्यात ती गेली होती. तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर लगेच फोन आला, आणि कठड्यावरच्या बाकीच्या बायका कोण कोण ते तिनेच सांगितलं. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

आता डिजिटल आईसबद्दल, कारण जाहिरातीत हेच जास्त वाचायला मिळतं. धूळ-ओरखडे इन्फ्रारेडने शोधून पुसायची ही सोय रंगीत निगेटिव्हवर खरंच छान चालते, पण जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर ती बंद ठेवायची, त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि स्कॅनरला चित्रच धूळ वाटायला लागतं. तिथे ब्लोअरने धूळ उडवायची, बोट फक्त कडेला लावायचं, पाणी किंवा कोलिन अजिबात नाही. बुरशी आली असेल तर ती जाणार नाही, पसरू नये म्हणून कोरड्या जागी सिलिका जेल टाकून ठेवा, आपल्याकडचा पावसाळा माहितीये ना.

प्रिंटसाठी 600 डीपीआय भरपूर आहे, त्याच्यावर गेलं की फाईल फुगते आणि कागदाचा पोतच जास्त दिसतो. 70-80 च्या दशकातले लालसर पडलेले रंगीत प्रिंट स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या कलर रिस्टोरेशनने बऱ्यापैकी सुधारतात, पण मूळ स्कॅन तसाच ठेवून वेगळी कॉपी सुधारा. आणि फोटोची मागची बाजू पण स्कॅन करा बरं का, नावं, तारखा, स्टुडिओचा शिक्का सगळं तिथेच असतं.

वेळ मात्र भरपूर लागतो, निगेटिव्ह लावा, प्रिव्ह्यू बघा, फ्रेम नीट करा, मग स्कॅन, घाईचं काम नाही हे. झालेल्या फाईल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि एक डिस्क दुसऱ्या घरी, गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा 1 जून 2021 पासून बंद झालीये. नातेवाईकांना व्हॉट्सअ‍ॅपने पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळी क्वालिटी तिथेच जाते.

एकट्याला महाग वाटत असेल तर भावंडांत काँट्री काढून घ्या, एका घरचं काम झालं की स्कॅनर पुढच्या घरी. आमचा सध्या काकांकडे आहे, तिथून मामेभावाचा नंबर.