बॅटरीवाला हात नीट वापरता येतो का ते मोजून देणारं क्लिनिक: आमचा अनुभव

भावाचा उजवा हात कोपराखाली नाहीये, पॉवर प्रेसमध्ये गेला. आता मायोइलेक्ट्रिक हात लावतो, म्हणजे उरलेल्या हाताच्या स्नायूंवर दोन इलेक्ट्रोड असतात, एक स्नायू आवळला की पंजा मिटतो, दुसरा आवळला की उघडतो. आता एक डीलर मागे लागलाय की पाचही बोटं वेगवेगळी हलणारा महागडा पंजा घ्या. म्हटलं आधी आहे तोच हात किती जमतोय ते तरी बघूया, म्हणून परळच्या बाजूच्या एका क्लिनिकात स्किल टेस्ट करून घेतली. नाव टाकत नाही कारण खाली थोडी तक्रार पण आहे.

सुरुवात बॉक्स अँड ब्लॉकने. मध्ये फळी असलेली पेटी, अडीच सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे, एकेक उचलून फळीपलीकडे टाकायचा, एका मिनिटात किती होतात ते मोजतात. धडधाकट माणसाचे आरामात सत्तरच्या आसपास होतात, आमचे साहेब त्याच्या निम्म्यालाही पोचले नाहीत आणि वैतागले. पण यात नुसती उघडझाप, बाकी काही कळत नाही.

मग शॅप, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची टेस्ट. यात 26 कामं: 12 वेळा हलक्या-जड वस्तू उचलायच्या आणि 14 रोजची कामं, नाणी उचल, बटणं काढ, बरणीचं झाकण उघड, चेन लाव, किल्ली फिरव असलं. टायमरचं बटण पण पेशंटनेच दाबायचं. टेस्ट घेणाऱ्या थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "दादा, मी दाबलं तर माझा वेळ तुमच्यात मिसळेल." हे आवडलं. स्कोअर 100 पैकी, आणि सर्वसाधारण हाताचा 95 च्या वर येतो.

पण खरी मजा तिसऱ्या टेस्टला, एसीएमसी, स्वीडनची. घड्याळच नाही! त्याला बॅग भरायला सांगितली आणि मॅडम नुसत्या बघत बसल्या. 22 मुद्दे, प्रत्येकाला 0 ते 3 मार्क. म्हणजे पकड किती जोराची, दुसऱ्या हाताचा आधार लागतो का, न बघता सोडता येतं का वगैरे, आणि हे करायला थेरपिस्टला वेगळं ट्रेनिंग लागतं. भाऊ शर्टाची घडी घालताना सगळा वेळ पंज्याकडेच बघत होता, कारण त्या बोटांना लागल्याचं कळत नाही, ते काम डोळ्यांनी करावं लागतं. आणि मनगट वाकत नाही म्हणून कोपर पार खांद्याच्या वर! मॅडमनी तिथेच थांबवून त्याला आरशात दाखवलं, "दादा, असंच करत राहिलात तर खांदा दुखायला लागेल." घरी आम्ही रोज बघतो पण कधी डोक्यातच आलं नाही. स्टॉपवॉचवाल्या टेस्टमध्ये हे कुठे दिसणार, तिथे काम झालं की झालं, कसं का होईना.

महागड्या पंज्याचं विचारलं तर मॅडम सरळ म्हणाल्या की आधी याच हातावर सराव करा. बाय द वे, 2016 ला झुरिचजवळ पहिली सायबॅथलॉन झाली ना, म्हणजे कृत्रिम हात-पाय वगैरे वापरणाऱ्यांची स्पर्धा, त्यात कृत्रिम हाताची शर्यत बॅटरी नसलेला, दोरीने ओढायचा हात लावलेल्या माणसाने जिंकली होती. डीलरला हे सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

आता तक्रार. सगळं थंडगार एसीत. मे महिन्यात दुपारच्या गर्दीत कुर्ल्याला उतरलं की सॉकेटच्या, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो त्या भागाच्या, आत घाम येतो आणि पंजा मनाला येईल तेव्हा उघडतो, ते मोजायची काही सोयच नाही. हात डोक्यावर उचलून दांडा धरणं, सुट्टे घेणं, हेही नाही. दुसरं म्हणजे रिपोर्टमध्ये नुसते आकडे दिले, 22 मुद्द्यांचा कागद मागितला तेव्हा काउंटरवर टाळाटाळ. मॅडम स्वतः बाहेर आल्या तेव्हा झेरॉक्स मिळाली. तुम्ही जाणार असाल तर पैसे भरायच्या आधीच तो कागद ठरवून घ्या, पुढच्या वेळी तुलना त्यावरूनच होते. खर्च जास्त वाटत असेल तर हाजी अलीला 1955 पासूनची सरकारी पुनर्वसन संस्था आहे, आधी तिथे विचारा.

मॅडमना पाच स्टार, काउंटरला दोन.